खळ्यापासून हिरव्या गालिच्यापर्यंत

मैदानाचा इतिहास म्हटला की आपल्याला पानिपत आठवतं, खर्डा आठवतो. आज मी बोलणार आहे ते मैदान फार लहान आहे. 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. एवढ्या जागेत कबड्डीचा डाव रंगतो, आणि एवढी जागा पुष्कळांच्या परसात निघते.

हल्ली पुण्याच्या आसपास हमरस्त्याला लागून जाळ्या लावलेली हिरवीगार मैदानं दिसतात. त्यांना लोक 'टर्फ' म्हणतात. प्लॅस्टिकचं गवत, तासावर भाडं. आपल्या शाळेत, आपल्या अंगणात असं काही करावं का, हा प्रश्न आज ना उद्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या गुरुजींपुढेही येणार. उत्तर देण्याआधी हे गवत आलं कुठून, ते पाहू या.

आपल्याकडे घरचं मैदान म्हणजे खळं. आहुपे, तेरुंगण, राजपूर या बाजूला भात झोडायला जागा कशी करतात, हे मी तुम्हांला काय सांगावं? जागा खणायची, खडे वेचायचे, मुरूम-माती पसरून पाणी शिंपायचं, धुमसानं चोपायचं, वर शेणाचा सारवा. सुगी उरकली की पोरांच्या हुतुतूला याहून चांगली जागा कोणती? तालमीतला हौदा हा याच घरातला, फक्त तिथं माती मऊ हवी. म्हणून तांबड्या मातीत तेल, ताक, हळद कालवतात. एका कामाला कठीण भुई, दुसऱ्याला मऊ. हे शहाणपण आपल्या लोकांना पुस्तकाशिवाय होतं, बरं का.

पुढं नियमांचं युग आलं. 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली. मापं ठरली, रेघा ठरल्या. भुई मात्र मातीचीच राहिली.

प्लॅस्टिकच्या गवताची गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती खेड्यातल्या माणसानं मुद्दाम ऐकावी अशी आहे. 1950 च्या दशकात तिकडच्या जाणत्यांच्या ध्यानात आलं, की शहरातली मुलं शरीरानं खेड्यातल्या मुलांच्या मागं पडतात. कारण उघड होतं : शहरात खेळायला माती नाही, गवत नाही. मग फोर्ड फाउंडेशनच्या प्रेरणेनं न मरणारं गवत शोधण्याचा उद्योग सुरू झाला. 1964 साली प्रॉव्हिडन्स गावच्या मोझेस ब्राउन शाळेत ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरलं. पुढं ह्यूस्टनला छप्पर असलेलं अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं प्रचंड क्रीडागार झालं. वरच्या तावदानांमुळं खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून ती रंगवली. तर ऊन अडलं आणि खालचं खरं गवत मेलं! 1966 साली तिथं हे नवं गवत आलं, आणि त्या वास्तूवरूनच त्याला 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव पडलं. म्हणजे ज्यांच्याजवळ माती नव्हती त्यांनी मातीची उणीव भरून काढायला ही वस्तू केली.

पण त्याची किंमत माती असलेल्यांनी मोजली. 1975 साली भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला. लगेच 1976 मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली. चेंडू वेगानं पळू लागला, मनगटाच्या कसबापेक्षा दमाला मोल आलं. 1928 पासून प्रत्येक ऑलिंपिकमधून पदक आणणारा आपला संघ सातवा आला. 1980 चं मॉस्कोचं सुवर्ण मिळालं खरं, पण तिथं पुष्कळ बलाढ्य संघ आलेच नव्हते. त्यानंतरचं पदक आलं 2021 साली, टोकियोहून. सारा दोष गवताला देणं अन्यायाचं होईल. पण आपली मुलं मातीवर शिकत आणि परीक्षा मात्र गालिच्यावर देत, हे काही खोटं नाही.

तोच प्रसंग आता आपल्या देशी खेळांवर आला आहे. 2014 पासूनची प्रो कबड्डी चटईवर, म्हणजे मॅटवर. 2022 साली पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खो झाली, तीही मॅटवर. इथं गुरुजींनी एक भेद ध्यानात घ्यावा. मॅट वेगळी, टर्फ वेगळं. टर्फवर फुटबॉल, क्रिकेट खेळा. कबड्डीत त्यावर घसरलं की कातडी सोलते. हुतुतू खेळणाऱ्या पोरांसाठी टर्फ घेणं म्हणजे पैलवानाला फरशीवर उतरवणं.

तरीही टर्फच घालायचं असेल, तर गवताचा रंग नंतर पाहा, आधी खालचं काम पाहा. वरची भुसभुशीत माती वीतभर काढायची, खाली खडीचे थर देऊन रोलरनं दाबायचे, शेकडा एक उतार ठेवायचा. 13 मीटरला 13 सेंटिमीटर, अगदी घोट्याएवढा. कडेनं चर. मग गालिच्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी अंथरून खालून जोडपट्टीनं चिकटवायच्या आणि ब्रशनं बारीक वाळू पात्यांत बसवायची. भीमाशंकरच्या पावसात चर चुकला, तर आषाढात गालिच्याखाली चिखल आणि वर डबकं. वैशाखात उलटा प्रकार : प्लॅस्टिक असं तापतं, की अनवाणी पाय ठरत नाही. आणि आपली किती मुलं अनवाणी खेळतात, ते शिक्षकांना ठाऊकच आहे.

आणखी एक बाब. फुटबॉलच्या टर्फमध्ये रबराचे कण भरतात. ते पावसाबरोबर वाहून जातात, म्हणून युरोपीय संघानं 2023 साली असे कण विकण्यावर बंदीचा कायदा केला आणि तिच्या अंमलासाठी 2031 पर्यंतची मुदत दिली. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 चं. भीमा तिथं उगम पावते, आणि आहुप्याकडची घोड नदी डिंभ्याच्या धरणाला मिळून पुढं भीमेलाच जाते. आपल्या मैदानाचा चर कुठल्या ओढ्याला लागतो, हे पाहून मगच भरण ठरवावं. वाळू चालते, रबर नको.

मला विचाराल, तर या बाजूच्या शाळेनं आधी मातीचं मैदान नीट करावं : चाळलेली माती, बारीक खत, थोडा लाकडाचा भुसा, आणि तोच शेकडा एक उतार. मग तालुक्याच्या गावी चार-पाच शाळांत मिळून एक मॅट घ्यावी, पावसाळ्यात छपराखाली अंथरावी आणि स्पर्धेपूर्वी महिनाभर पाळीपाळीनं मुलांना तिच्यावर खेळवावं. मुलींच्या कबड्डीला जागा 12 बाय 8 मीटर पुरते. तेवढी तर समाजमंदिरातही निघू शकते.