न्यायालयीन चित्रपटातील वास्तव : मोजावे कोणत्या मापाने?

न्यायालयावरील चित्रपट कितपत वास्तवदर्शी आहे, हे व्यक्तिनिरपेक्षपणे ठरवता येते काय? हा प्रश्न समीक्षकांपुरताच असतो असे नाही. २०१७ मध्ये तो जळगाव व धुळे जिल्हे ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे वेगळ्या रूपात आला. ‘जॉली एलएलबी २’ या हिंदी चित्रपटात वकील व न्यायालय यांचे चित्रण अवमानकारक असल्याची याचिका एका वकिलाने दाखल केली. खंडपीठाने दोन वकील व एक डॉक्टर अशा तिघांना चित्रपट पाहून अहवाल देण्यास सांगितले. अखेर चार ठिकाणी कात्री लावून चित्रपट त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. येथे प्रश्न होता तो प्रतिष्ठेचा. न्यायालयाच्या आवारात असे घडते काय, यापेक्षा ते दाखवणे शोभते काय, याला महत्त्व आले. शिवाय तिघांपैकी दोघे चित्रणाचा विषय असलेल्या व्यवसायातीलच होते.

काही गोष्टी मात्र निर्विवादपणे तपासता येतात. भारतीय न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. गीतेवर हात ठेवणे आवश्यक नाही. या कसोटीवर बहुतेक हिंदी चित्रपट पहिल्याच दृश्यात नापास होतील.

परंतु ही कसोटी फार दूर नेत नाही. बासू चटर्जी यांच्या ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये (१९८६) बारा ज्युरी सदस्य एका खोलीत बसून आरोपीचे भवितव्य ठरवतात. देशातील ज्युरी पद्धत तोपर्यंत इतिहासजमा झाली होती. कायद्याच्या दृष्टीने सारी मांडणीच अशक्य, तरीही त्या खोलीतील पूर्वग्रह, कंटाळा आणि घरी जाण्याची घाई खोटी वाटत नाही.

कालावधीचा मुद्दा अधिक अवघड आहे. जळगावच्या घरकुल प्रकरणाचा गुन्हा २००६ मध्ये दाखल झाला आणि निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागला. तेरा वर्षे दोन-अडीच तासांत बसवताना दिग्दर्शकाला निवड करावीच लागते आणि निवड आली की निरपेक्षता संपते. पिंप्राळ्यासारख्या जळगावच्या उपनगरातून तारखेला जाणाऱ्या पक्षकाराच्या मनात न्यायालय म्हणजे प्रामुख्याने व्हरांड्यातील प्रतीक्षा असते. वकिलाला मात्र युक्तिवाद आठवतो. दोघांचे ‘वास्तव’ एकच कसे असेल?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) नेमकी ही प्रतीक्षाच निवडली. सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या लोकशाहिराचा खटला त्यात रखडत चालतो. सरकारी वकील कलमे एकसुरात वाचतात. बिनबाह्यांचा पोशाख घातल्यामुळे एका स्त्रीचे प्रकरण पुढे ढकलले जाते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या चित्रपटाचा शेवट मात्र न्यायालयात होतच नाही. सुटीत सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात. मुले ओरडून त्यांची झोपमोड करतात, आणि ते एका मुलाला चापट मारतात. हे दृश्य खरे की खोटे, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात पाहून सांगता येणार नाही.