खाशाबा जाधव : गोळेश्वरचा ऑलिम्पिकवीर

स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथे झाला. कराड-मलकापूर परिसरातील या लहानशा गावात वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले वस्ताद. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढील शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला आपटणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढील चार वर्षे त्यांनी ही उणीव भरून काढण्यात घालवली आणि वरच्या, बँटमवेट (५७ किलो) गटाची तयारी केली.

हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैशांचीच कुस्ती आधी लढावी लागली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एखाद्या विद्यार्थ्यासाठी प्राचार्याने राहते घर पणाला लावावे, याची दुसरी उदाहरणे फारशी सापडणार नाहीत.

१९५२ च्या या स्पर्धेत खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली झुंज अटीतटीची झाली, पण निकाल विरुद्ध गेला. त्यानंतर नियमाप्रमाणे विश्रांती मिळण्याआधीच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे नाव आज क्वचितच घेतले जाते.

कराडमध्ये विजेत्याची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराचा गुलाल खाली बसताच खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे कर्ज फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने तिसऱ्या ऑलिम्पिकची वाट अडवली. सहाय्यक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोहोचून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

१९६१ पासून दिला जाणारा अर्जुन पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. तो २००० मध्ये मरणोत्तर देण्यात आला. तोपर्यंत १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी अटलांटात टेनिसचे कांस्य जिंकले होते आणि ४४ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळाल्याच्या बातम्यांमधून खाशाबांचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले होते. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरातील त्यांच्या घराचे नाव ‘ऑलिम्पिक निवास’ असे आहे.