चर्चचा निवाडा आणि घटस्फोट
कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. विवाह मुळातच अवैध होता काय, एवढेच त्याचे धर्मन्यायालय तपासते. बळजबरीने घेतलेली संमती वा फसवणूक ही त्याची कारणे. अनेक प्रोटेस्टंट पंथ मात्र व्यभिचारासारख्या कारणावरून पुनर्विवाहास मुभा देतात.

खरी मेख पुढेच आहे. चर्चच्या निवाड्याने दिवाणी कायद्याखालील विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यावर विसंबून दुसरे लग्न करणारा द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकू शकतो. उलट, केवळ न्यायालयीन घटस्फोट घेतलेल्या कॅथलिकास चर्चमध्ये पुन्हा लग्न लावता येत नाही. थोडक्यात, खेटे दोन्हीकडे! १८६९ च्या घटस्फोट कायद्यात परस्परसंमतीची तरतूद २००१ मध्ये आली. तोवर पत्नीला पतीचा व्यभिचार सिद्ध करूनही भागत नसे; जोडीला क्रौर्य वा परित्यागही दाखवावा लागे. पतीला मात्र पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता.