चेंडूफेक, क्रिकेटमधील

क्षेत्ररक्षकाने अडवलेला चेंडू यष्टिरक्षकाकडे, गोलंदाजाकडे किंवा थेट यष्टींवर फेकण्याची क्रिया. मैदानावरच्या बोलीत ‘थ्रो’. गोलंदाजी करताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करण्यास मनाई आहे; क्षेत्ररक्षकाच्या फेकीवर तसे बंधन नाही. त्यामुळे फेकीला वेग मिळतो, पण कोपर आणि खांद्यावरचा ताणही वाढतो.

तंत्र : फेकीचे बळ पायांतून निघते आणि कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट या क्रमाने बोटांपर्यंत पोहोचते. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवे, अंगठा खालून, अशी पकड घेतल्यास चेंडू हवेत सरळ जातो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने लक्ष्याकडे डावी बाजू करून डावा पाय पुढे टाकावा आणि डावा हात लक्ष्याकडे रोखावा. आधी कंबर वळावी, मागून खांदा. कोपर खांद्याच्या रेषेत राहावे. ते खाली घसरले की त्याच्या आतल्या बाजूवर भार पडतो. चेंडू सुटल्यावर हात डाव्या गुडघ्याकडे वाहत जाऊ द्यावा. तो मध्येच रोखला, तर वेग आवरण्याचे सारे काम खांद्यामागच्या स्नायूंवर येते. आंतरराष्ट्रीय पुरुष सामन्यांत सीमारेषा ८२.२९ मीटरपर्यंत दूर असू शकते. तेवढ्या अंतरावरून उंच चेंडू फेकण्यापेक्षा एक टप्पा देऊन सपाट फेकणे बहुधा हिताचे.

दुखापती : खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते. हाडाचा गोळा तिच्यात नीट बसवून ठेवण्याचे काम ‘रोटेटर कफ’ हे चार स्नायू करतात. पुनःपुन्हा जोरात फेकल्याने त्यांच्या कंडरा सुजतात, कधी फाटतात. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंधही ताणला जातो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा कच्ची असते; म्हणून मुलांचे दुखणे अंगावर काढू नये.

यवतमाळ जिल्हा : सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुतेक मुलांची पहिली फेक टेनिस चेंडूची असते. हा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅम वजनाचा, तर पुरुषांच्या सामन्यांतला चामडी चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे पावणेतीनपट जड. फेकण्याची सवय जुनीच राहते आणि भार एकदम वाढतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू नियमांतच सांगितला आहे. शिबिरांनी तोच वापरावा.

याच जिल्ह्यातून आलेला विदर्भाचा खेळाडू अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. गोलंदाजाला हात बदलताना पंचांना कळवावे लागते. क्षेत्ररक्षक मात्र न विचारता कोणत्याही हाताने फेकू शकतो. म्हणून जवळच्या अंतरावर दुसऱ्या हातानेही फेकण्याचा सराव करावा.

प्रतिबंध : यवतमाळच्या उन्हाळी शिबिरात उन्हाने अंग लगेच तापते, पण तेवढ्याने खांदा तयार होत नाही. आधी हलके धावणे आणि खांदे फिरवणे, मग १०-१५ मीटरवरून सावकाश फेकी, त्यानंतरच अंतर आणि जोर वाढवणे, हा क्रम पाळावा. खांद्यामागचे आणि पाठीच्या पात्याभोवतीचे स्नायू, पोट व मांड्या यांचे व्यायाम नियमित हवेत. अमेरिकेतील मुलांच्या ‘लिटल लीग’ बेसबॉलमध्ये ११-१२ वर्षांच्या चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला (पिचरला) दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. आपल्याकडे षटके मोजली जातात, फेकी सहसा नाहीत. प्रशिक्षकाने सराव आणि सामना मिळून प्रत्येक मुलाच्या जोरदार फेकींची नोंद ठेवावी. फेकताना दुखणे, रात्री खांदा ठणकणे, फेकीचे अंतर अचानक घटणे किंवा मूल नकळत बाजूने फेकायला लागणे, यांतले एकही लक्षण दिसल्यास फेक थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय आहे. मलम चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा सीमारेषेवर उभे करणे हा उपचार नव्हे.