पोथी, पान आणि ई-पुस्तक : संहितेच्या पत्त्याचा प्रश्न

मुद्रित ग्रंथाचे पान समीक्षकाला इतके स्वाभाविक वाटत आले आहे की, त्यालाही इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही. एका आवृत्तीच्या सर्व प्रतींत अमुक मजकूर अमुक पानावरच असणार, हे समीक्षेतील अवतरणाने आणि संशोधनातील तळटीपेने गृहीत धरलेले असते. मोबाईल फोनवर वाचल्या जाणाऱ्या ई-पुस्तकाने हे गृहीत मोडून काढले आहे. तेथे पान बहुधा ग्रंथात नसतेच. ते वाचनाच्या क्षणी घडविले जाते. या स्थित्यंतराचा मराठी संहितेच्या संदर्भात काय अर्थ होतो, हे तपासणे आवश्यक आहे.

4 जुलै 1971 रोजी इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उभा राहिला. त्याच वर्षी रोलाँ बार्थ यांचा 'कृतीकडून संहितेकडे' हा निबंध प्रसिद्ध झाला. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु हाती धरता येणाऱ्या ग्रंथवस्तूपासून संहिता वेगळी काढण्याची क्रिया दोन्हीकडे दिसते. पुढे संगणकीय ग्रंथाचे दोन मार्ग झाले. 1993 मध्ये आलेल्या पीडीएफने छापील पान जसेच्या तसे गोठविले. दुसरा मार्ग 1986 च्या एसजीएमएल या मानकाचा. त्याने पानाची पर्वा न करता शीर्षक, परिच्छेद, अवतरण अशा घटकांना खुणा केल्या. स्टीव्हन डिरोझ, डेव्हिड ड्युरँड, एली मायलोनास व ॲलन रेनिअर यांनी 1990 मध्ये या व्यवहारामागील सिद्धान्त मांडला : संहिता म्हणजे आशयघटकांची क्रमबद्ध उतरंड होय. एक्सएमएल (1998), ओपन ईबुक (1999) आणि ईपब (2007) ही याच विचाराची अपत्ये आहेत. 2023 मध्ये ईपब 3.3 ला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने शिफारशीचा दर्जा दिला.

ईपब फाईल ही वस्तुतः अनेक लहान फाईलींचे बांधलेले गाठोडे असते. अ‍ॅप ते सोडते. एक छोटी फाईल मुख्य सूचीचा ठावठिकाणा सांगते. त्या सूचीत ग्रंथनाम व लेखकनाम, सर्व घटकांची यादी आणि प्रकरणांचा वाचनक्रम असतो. या क्रमाला 'कणा' असे नाव दिलेले आहे. त्यानंतर अ‍ॅप प्रत्येक प्रकरणातील खुणा वाचून कोणता घटक कोणाच्या पोटात आहे हे ठरविते. या क्रियेला इंग्रजीत असलेले पार्सिंग हे नाव मूळचे व्याकरणातले आहे. मराठी शाळेत तिलाच शब्दाचे व्याकरण चालविणे म्हणत. विश्लेषण झाल्यावर मांडणी येते. अनेक अ‍ॅपे सबंध प्रकरण पडद्याच्या रुंदीच्या स्तंभांत ओततात. वाचक पान उलटतो तेव्हा प्रत्यक्षात तो एका स्तंभावरून पुढच्या स्तंभावर सरकतो. अक्षराचा आकार वाढविला की स्तंभ वाढतात आणि सर्व पाने बदलतात.

गद्याला यामुळे फारशी बाधा येत नाही, कवितेला येते. उतरंडीच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक घटक दुसऱ्याच्या पोटात पूर्णपणे सामावला पाहिजे. परंतु कवितेत वाक्य एका ओळीच्या मध्यावर सुरू होऊन दुसरीच्या मध्यावर संपू शकते. वाक्य आणि ओळ या दोन रचना परस्परांना छेदतात, आणि काव्याचा परिणाम पुष्कळदा त्या छेदातूनच निर्माण होतो. सिद्धान्ताच्या कर्त्यांनीही पुढे या अडचणीमुळे आपली मांडणी सौम्य केली. फोनच्या अरुंद पडद्यावर या अडचणीला दृश्य रूप येते. लांब ओळ मोडते, आणि कवीने केलेली ओळ कोणती व पडद्याने पाडलेली कोणती हे कळेनासे होते. अरुण कोलटकर व्यवसायाने दृश्यकलावंत होते. त्यांच्यासारख्या कवीच्या बाबतीत हा केवळ सजावटीचा प्रश्न राहत नाही. मोडलेल्या ओळीचा उरलेला भाग आत सरकवून दाखविण्याची सोय मांडणीत करता येते; मात्र त्यासाठी प्रत्येक ओळ 'ओळ' म्हणून आधी नोंदलेली असावी लागते.

देवनागरीत तर अक्षरही वाचनाच्या क्षणीच घडते. युनिकोडमध्ये 'किती' हा शब्द उच्चारक्रमाने साठविला जातो : आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. ती वेलांटी डावीकडे नेणे आणि जोडाक्षरे जुळविणे ही कामे मांडणी करणारी आज्ञावली व फाँट यांनी मिळून करायची असतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील अर्थभेद र-काराच्या रूपावर अवलंबून आहे. तो भेद फाईलमध्ये नीट नोंदला नाही, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. प्रकरणाची भाषा मराठी असल्याची नोंद फाईलमध्ये असेल, तर तशी सोय असलेला फाँट 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे निवडू शकतो. 1990 च्या दशकात डीटीपीवर जुळविलेल्या पुष्कळ मराठी ग्रंथांच्या फाईलींत मात्र अक्षरांऐवजी त्यांच्या आकारांचे तुकडे रोमन संकेतांच्या जागी साठविलेले आहेत. विशिष्ट फाँट नसेल तर तेथे निरर्थक चिन्हे उरतात. पान छापले गेले. संहिता जपली गेली नाही.

अशा परिस्थितीत पानाविना संहितेचा पत्ता कसा द्यावयाचा? येथे पोथीची परंपरा आठवते. पोथीत ओवी सहसा स्वतंत्र ओळींत मांडलेली नसे. मजकूर पत्राच्या रुंदीभर सलग वाहत असे आणि ओवीचा शेवट दंड व क्रमांक यांनी दाखविला जाई. दोन पोथ्यांत एकच ओवी दोन निरनिराळ्या ठिकाणी मोडे, तरी पत्ता अबाधित राही. कारण तो अध्याय आणि ओवी यांचा होता. 'ज्ञानेश्वरी'चा संदर्भ आजही असाच दिला जातो. ओवीक्रमांक प्रतिपरत्वे थोडेफार सरकतात हे खरे. परंतु ते सरकणे पाठभेदाचे असते, कागदाच्या मापाचे नसते.

ईपबमध्येही अमुक प्रकरण, त्यातील अमुक घटक, त्यातील अमुक अक्षर असा पत्ता देण्याची पद्धत 2011 मध्ये निश्चित झाली. ती दिसायला अध्याय-ओवीसारखी असली तरी एक मूलभूत फरक आहे. ओवीचा क्रमांक रचनेचा अवयव मानला गेला. हा पत्ता फाईलच्या घडणीवर अवलंबून असतो. प्रकाशकाने एक परिच्छेद वाढवून फाईल नव्याने दिली, तर जुना पत्ता चुकू शकतो आणि वाचकाला जुनी आवृत्ती डोळ्यांसमोर ठेवून तुलनाही करता येत नाही.

आधुनिक मराठी कादंबरीला ओवीक्रमांक नाहीत. तिचा आजवरचा पत्ता छापील पानाचाच आहे. म्हणून ई-आवृत्ती सिद्ध करताना मुद्रित आवृत्तीची पाने जेथे संपतात तेथे खूण ठेवणे, कवितेची ओळ स्वतंत्रपणे नोंदणे आणि आवृत्तीचे वर्ष सूचीत स्पष्ट देणे, ही कामे संपादनाची म्हणून स्वीकारली पाहिजेत. ईपबमध्ये या तिन्हींसाठी जागा आहे. मराठी पाठचिकित्सेने पोथीकडून छापील ग्रंथाकडे येताना जी शिस्त कमावली, तीच शिस्त आता फाईलच्या बाबतीतही लागू केली पाहिजे. ती लावली नाही, तर वाद संहितेविषयी चालेल आणि दोन्ही पक्ष वेगवेगळ्या ओळींवर बोट ठेवून बसलेले असतील.