सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि त्यांवरचे रंगकाम

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत घरातली आणि रस्त्यावरची बहुतेक प्रत्येक वस्तू लहान होऊन येते. भातुकलीतले जाते, उखळ-मुसळ, पाट-चौरंग, बैलगाडी, मोटार आणि पांगुळगाडा हे त्यांतले नेहमीचे प्रकार. फळे-भाज्या मात्र खऱ्याएवढ्याच आकाराच्या असतात. आज हे गाव सिंधुदुर्गात असले, तरी 1948 साली सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यापासून 1 मे 1981 रोजी नवा जिल्हा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. जुन्या रत्नागिरीच्या हस्तव्यवसायांत या कामाला मानाचे स्थान द्यायला हवे.

हे काम चितारी समाजाचे. गावातील चितारआळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कलेला आश्रय मिळाला तो सावंत-भोसले घराण्याचा. खेळण्यांबरोबर चितारी गंजिफा, म्हणजे खेळायचे हाताने रंगवलेले पत्तेही, तयार करत. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण 120 गोल पाने असतात. चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन दगडाने घोटायचे, मग चित्र काढून लाखेचा हात द्यायचा, अशी त्यांची रीत. बोटभर जागेत राजा, प्रधान आणि अवताराची खूण बसवणारा हात खेळण्यावरची वेलबुट्टीही सहज काढतो. छापील चिकटचित्र लावून हे साधत नाही, कारण वक्र पृष्ठभागावर कुठे रेषा जाड करायची आणि कुठे ती सोडून द्यायची, हे कुंचलाच ठरवतो.

फळांसाठी आणि हलक्या खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरतात; ते मऊ आणि वजनाला हलके असते. गोल वस्तू लेथवर कातल्या जातात. लाखकामात फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि अंगावर पातळ थर बसतो. केवड्याच्या पानाने तो घोटला की चकाकी येते. कुंचल्याची एकही रेघ न दिसणारा हा गुळगुळीत लेप, हीच या पद्धतीची खरी करामत. गाडीची चाके अशी रंगवता येतात, पण चौकोनी टप किंवा मोटारीचे अंग लेथवर फिरत नाही; तिथे हातानेच रंग द्यावा लागतो.

पुढे बाजारातले तयार रंग आले, फवारणीचीही सोय झाली. फवाऱ्याने हिरवा रंग पिवळ्यात अलगद मिसळतो आणि आंब्याची पिकती छटा साधते. मात्र ओल्या थरावर धूळ बसू नये, रंगाची वाफ नाकात जाऊ नये, म्हणून बंदिस्त, हवा खेचून घेणारी जागा लागते. लाखेच्या कांडीला अशा जागेची गरज नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफा रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. याच सावंत-भोसले घराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली आणि 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांची कार्यशाळा उभी केली. सावंतवाडीची गंजिफा आज टिकून आहे ती या प्रयत्नामुळेच. राजवाड्यात आजही कारागीर गंजिफा रंगवताना पाहायला मिळतात, आणि लाकडी खेळण्यांची दुकाने चितारआळीत आहेत.