जाहिरात हलता कामा नये

मासिकाचा संपादक लेखातली ओळ छपाईच्या आदल्या रात्रीही बदलू शकतो. जाहिरातीतला स्वल्पविराम मात्र त्याच्या बापालाही हलवता येत नाही, कारण ती जागा त्याने विकलेली असते. मजकूर तयार झाल्यापासून प्लेट बनेपर्यंतच्या मधल्या कामाला आमच्याकडे प्रीप्रेस म्हणतात. माझी नोकरी सगळी तिथेच झाली. त्या खोलीत आलेलं प्रत्येक नवं तंत्र मला एकाच भांडणातून निघालेलं दिसतं: जाहिरात बिघडली, तर पैसे कोणी सोसायचे?

ब्लॉकच्या काळात हे भांडण चटकन मिटत असे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ सालचा अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक धरतात. तेव्हा छपाई खिळ्यांची आणि चित्रं ब्लॉकची. रेघांच्या चित्राला जस्ताचा लाइन ब्लॉक, फोटोला ठिपक्यांच्या जाळीचा हाफटोन. दोन्ही लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणलेले. वर्तमानपत्री कागदाला इंचाला ६५ रेघांची जाळी आणि आर्ट पेपरला १२०-१३३ची, एवढं ठरलेलं असे. हाफटोनच्या या विद्येत आपल्या देशातलं पहिलं मोठं नाव कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रे. जाळीच्या गणितावरचे त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येत. ब्लॉक हाताने उचलायची वस्तू होती. कोपरा चेपला असेल तर सगळ्यांना दिसायचा, आणि काम झालं की ब्लॉक जाहिरातदाराकडे परत जायचा.

मी १९८०च्या दशकात प्रभादेवीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये लागले, तोवर मासिकं ऑफसेटवर गेली होती आणि ब्लॉकची जागा पॉझिटिव्ह फिल्मने घेतली होती. रंगीत जाहिरात म्हणजे चार फिल्म्स: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक. सोबत प्रोग्रेसिव्ह प्रूफ, म्हणजे आधी एकच रंग, मग दोन, मग तीन असं चढत्या क्रमाने छापलेले कागद. मशिनमनने त्याबरहुकूम शाई सोडायची. जितकी मासिकं तितके सेट. मूळ फिल्मवरून कॉन्टॅक्टने प्रती काढताना ठिपका जरासा इकडेतिकडे व्हायचाच, त्यामुळे पहिला सेट आणि शेवटचा सेट जुळे म्हणवत नसत.

मासिकाच्या जाहिरातीचं दुखणं वेगळंच असतं. एका फर्म्यात अनेक पानं एकत्र छापतात. शाई सोडायच्या किल्ल्या मशीनच्या रुंदीवर ओळीने असतात, त्यामुळे कागदाच्या एका उभ्या पट्ट्यात जे जे येतं त्या सगळ्यांना शाई एका हिशेबाने मिळते. वर लोणच्याची जाहिरात, खाली साडीची. लोणचंवाल्याने प्रुफाकडे बोट दाखवून लाल वाढवायला लावला, की साडी नेसलेल्या मॉडेलला ताप चढलाच. दोघांनीही आपापल्या एजन्सीकडून, आपापल्या प्रोसेसवाल्याकडून फिल्म्स करून आणलेल्या. मशिनमनची बाजू घेणारं कोणी नाही.

अमेरिकेत साप्ताहिकं वेब ऑफसेटवर गेली तेव्हा हेच तिथेही झालं. त्यावर १९७०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या मंडळींनी स्वॉप नावाचे नियम बांधले: सगळ्यांनी फिल्म एकाच मापाने करायची. त्यातला एक नियम आम्हीही पाठ केला होता. चारही रंग पूर्ण म्हणजे ४०० टक्के शाई. धावत्या पातळ कागदावर ती वाळत नाही, म्हणून कुठल्याही ठिकाणी बेरीज ३०० टक्क्यांच्या वर नको.

फिल्मचा एक गुण मात्र पुढच्या कुठल्याही तंत्रात आला नाही. तिच्यावर केलेली कारागिरी लपत नसे. १९९५मध्ये बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई झालं, त्या वर्षीची गोष्ट. इंग्रजी जाहिरातींच्या पायथ्याशी कंपनीचा पत्ता बारीक काळ्या अक्षरात असायचा. सुदैवाने तो फक्त काळ्या फिल्मवर. आम्ही लाइट टेबलावर ती फिल्म ठेवून ब्लेडने ‘बॉम्बे’चा इवलासा चौकोन कापायचो आणि नव्या नावाचा तेवढाच तुकडा मागून चिकटवायचो, टेपची कड अक्षरावर आली तर प्लेटवर रेघ उठे, म्हणून भिंग लावून बघायचं. पिनकोड तोच राहिल्यामुळे तो वाचला. आमचे फोरमन, सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणायचे, “कापा, पण कापलेलं दिसू द्या. उद्या कोणी विचारलं तर फिल्म बोलली पाहिजे.” फिल्म उजेडासमोर धरली की कोणी कुठे हात घातलाय ते कळायचं.

कॉम्प्युटर आला आणि ही साक्ष गेली. इस्रायलमध्ये हर्झलियाला एफी अराझी यांनी १९६८मध्ये सुरू केलेली सायटेक्स कंपनी आधी कापडावरच्या डिझाइनसाठी यंत्रं करायची, मग छपाईच्या पानांकडे वळली. तिच्या पडद्यावर आभाळातली तार पुसली तर ती तिथे कधी होती हे ब्रह्मदेवालाही कळू नये. जर्मनीत कीलला हेल, लंडनला क्रॉसफील्ड, हे तिचे तालेवार प्रतिस्पर्धी. तिघांची फाइल तीन तऱ्हेची, एकाची दुसऱ्याकडे उघडेना. म्हणून लाखो रुपयांच्या यंत्रावर केलेली जाहिरात शेवटी पुन्हा फिल्मवर काढून माणसाच्या हाती पाठवायची!

यातून वाट म्हणून टिफ-आयटी आली. टिफ ही साधी चित्रफाइल आल्डस कंपनीने १९८६मध्ये काढलेली. तिच्यावर मानक समित्यांनी छपाईचे संस्कार केले आणि १९९८मध्ये आयएसओ १२६३९ या क्रमांकाने ती जगाची झाली. तिचा पी-वन नावाचा कडक अवतार मासिकांच्या जाहिरातींसाठी चालावा म्हणून अमेरिकेत डीडीएपी नावाची प्रकाशक, एजन्सी आणि प्रीप्रेसवाल्यांची संघटना झटत होती. परदेशी मासिकांची कामं आमच्याकडे येऊ लागली तेव्हा आम्ही ती शिकलो.

तिची अक्कल अशी. ए-फोर पान ३०० डीपीआयने चार रंगांत साठवलं तर साधारण ३५ एमबी होतात. फोटोला तेवढं पुरतं. पण बारीक अक्षराची कड ३०० डीपीआयवर कुरतडल्यासारखी दिसते. तिला २४०० लागतात, आणि सबंध पान २४००ने साठवलं तर आकडा दोन जीबींच्या वर जातो. त्या काळच्या १०० एमबीच्या झिप डिस्कवर तो काय मावणार? म्हणून पानाचे थर केले. सीटी या फाइलमध्ये फोटो, कमी बारकाईने. एलडब्ल्यूमध्ये अक्षरं, रेघा आणि सपाट रंग, खूप बारकाईने. पण तिथे रंगांची यादी मोजकी आणि ‘इथून इतके ठिपके हाच रंग’ अशी नोंद, त्यामुळे फाइल आटोपशीर. फोटो आणि अक्षर जिथे एकमेकांना भिडतात, त्या कडेपुरती तिसरी एचसी. आणि एफपी नावाची चौथी, जी या तिघींना एकावर एक बसवते.

क्वार्क या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधलं पान पोस्टस्क्रिप्टमध्ये काढायचं, रिप करायचं, म्हणजे त्याचे ठिपके पाडायचे, आणि या फायली बनवायच्या. एकदा बनल्या की आत फॉण्ट नाही, ओळ नाही, पत्ता नाही, नुसते ठिपके. नाव बदलायचं तर मूळ फाइलवर जाऊन पुन्हा सगळं करायचं. आमच्या नव्या पोरांना हा जाच वाटे. मला वाटतं, हीच तिची खरी कमाई होती. ब्लेड कोणाच्याच हाती राहिलं नाही, त्यामुळे छापखाना म्हणू शकत होता की आलं ते छापलं.

मराठी जाहिरातींना याची सर्वांत जास्त गरज होती आणि त्यांनाच ती मिळाली नाही. सीडॅकचं आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी, प्रत्येकाचे अक्षरांचे क्रमांक निराळे. फॉण्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सबंध मजकुराचे इंग्रजी चिन्हांचे फुलोरे. टिफ-आयटी आमच्या दिवाळी अंकांच्या आवाक्याबाहेरची, म्हणून इथे गरिबांचा उपाय रूढ झाला: कोरल ड्रॉमध्ये ‘कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांचे फॉण्ट न लागणारे नुसते आकार करून द्या. त्यात एक गंमत व्हायची. मराठी फॉण्टमध्ये एका अक्षराची शिरोरेघ शेजारच्यावर किंचित चढते. सगळी अक्षरं मिळून एक आकार झाला, की जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तिथे कोरल भोक मानायचं. शिरोरेघेला ठरावीक अंतरावर पांढरे दात! मग एकेक शब्द वेल्ड करत, म्हणजे जोडून एकसंध करत, बसायचं. ज्यांना तेवढा वेळ नसे ते सगळं पान ३००च्या टिफमध्ये चेपून पाठवत. त्यात काळं अक्षर चारही रंगांत विभागलं जाई आणि मशीनवर रजिस्टर केसभर सरकलं की प्रत्येक अनुस्वाराला लालनिळी सावली.

पीडीएफ १९९३चीच, पण मासिकांनी तिच्यावर विश्वास ठेवायला वेळ घेतला, कारण तिच्यात वाटेल ते भरता येई. २००१मध्ये पीडीएफ-एक्स-वन-ए हे मानक आलं आणि तिचे हात बांधले गेले. फॉण्ट आतच हवेत. आरजीबी रंग नको, पारदर्शक सावल्या नकोत. पान कुठे कापायचं ते नोंदलेलं हवं. माझी आवडती अट ट्रॅपिंगची. शेजारच्या दोन रंगांमध्ये पांढरी फट राहू नये म्हणून एक रंग दुसऱ्यात जरासा घुसवतात, त्याला ट्रॅप म्हणतात. ते केलंय की नाही, हे फाइलमध्ये लिहावं लागतं. साध्या पीडीएफला ‘माहीत नाही’ असंही उत्तर चालतं. इथे चालत नाही. मामांना ही अट पटली असती.

टिफ-आयटी पाहता पाहता मागे पडली. २००८मध्ये एक्स-फोर आलं, त्यात पारदर्शकताही चालू लागली. तरी वन-ए मागणारी मासिकं पुढे बरीच वर्षं राहिली, कारण त्यांच्याकडची जुनी रिप सावल्या सोडवताना अडखळायची. मराठी जाहिराती मात्र अजूनही कर्व्ह होऊन येतात. फॉण्ट फाइलच्या आत असल्यावर त्याची काही गरज नाही, पण हात एकदा पोळलेले आहेत.

आज कोणी मला अशी फाइल तपासायला दिली, तर मी आधी चित्राकडे बघत नाही. आउटपुट प्रिव्ह्यू उघडून काळी प्लेट बंद करते. पायथ्याची अटी-शर्तींची ओळ पूर्ण गायब झाली तर ठीक. तिची पुसटशी जरी खूण बाकीच्या तीन रंगांत उरली, तर फाइल परत.